राखीव दिवसांचा हंगाम

दिंडोरी रोडवर सकाळी सातच्या सुमाराला पुन्हा क्रेट भरलेल्या गाड्या दिसायला लागल्या आहेत. प्लास्टिकच्या क्रेटांवर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांचे कोपरे वाऱ्यावर फडफडणारे, आणि गाडी पुढे निघून गेली की मागे राहणारा तो वास. द्राक्षाला वास नसतो, असं माझे मुंबईतले सहकारी म्हणतात. एका द्राक्षाला नसेलही. पण सबंध तालुक्याची द्राक्षं एकाच वेळी पिकायला लागली की हवेत काहीतरी गोडसर, ओलसर भरून राहतं. त्यात फवारणीचा उग्रपणा असतो, चुलीचा धूर असतो आणि थंडीचा म्हणून जो काही वास असतो तोही असतो. गाडीची काच खाली केली की तो नाकात शिरतो आणि मला दर वर्षी तो एकच जानेवारी आठवतो. त्याला आता तीन वर्षं झाली.

मी विमान चालवते. अकरा वर्षं फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारी सहवैमानिक. नोकरी मुंबईच्या विमानतळावर आणि घर नाशिकला, आडगावच्या अलीकडे, आई-पप्पांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. नवरा नितीन दिंडोरीजवळची आमची चार एकर बाग बघतो. मुलगी सावी त्या जानेवारीत सहा वर्षांची होती.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसांना सांगून पटत नाही. न उडण्याचंही काम असतं. ऐन वेळी कुणी आजारी पडलं, कुणाचं विमान दुसऱ्या गावात अडकलं, तर त्याच्या जागी पाठवायला कंपनी काही वैमानिक हाताशी ठेवते. त्याला सगळे स्टँडबाय म्हणतात. ठरलेल्या तासांत फोन आला की दोन तासांत गणवेश घालून विमानतळावर हजर व्हायचं. मधल्या वेळात तुम्ही झोपा, वाचा, भाजी करा. पण गावाबाहेर जायचं नाही आणि फोन नजरेआड करायचा नाही. नाशिकहून मुंबई विमानतळ म्हणजे चार तास, आणि कसाऱ्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर पाच. त्यामुळे स्टँडबायचे दिवस मला नाशिकला काढता यायचे नाहीत. अंधेरीत आम्ही तिघी-चौघी वैमानिक बायकांनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतला होता, त्यातल्या एका पलंगावर ते दिवस जायचे.

नोकरीच्या कागदपत्रांत मात्र त्याला रिझर्व्ह असा शब्द आहे. राखीव. स्वतःच्या नावापुढे तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आधी हसू आलं होतं आणि मग ते ओसरलं होतं. आमच्या घरात हा शब्द दुसऱ्याच वाटेने आलेला. फ्लाइंग स्कूलमध्ये एका मुलाने चहा पिता पिता अगदी सहज विचारलं होतं, "तू राखीव जागेवरून ना?" ती खासगी संस्था होती, तिथे राखीव जागा नव्हत्याच. आणि असत्या तरी त्यात खाली बघण्यासारखं काही नव्हतं. हे दोन्ही मला त्याला सांगता आलं असतं. मी फक्त कप खाली ठेवला आणि विमानांच्या हँगरकडे चालत गेले. पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत राहिले. अजूनही कधी कधी एखादं सुचतं.

तर तो जानेवारी. उत्तरेत धुकं दाट पडलं होतं. दिल्लीची विमानं जयपूरला, लखनौची वाराणसीला, असा सगळा पसारा झाला होता, म्हणून कंपनीने स्टँडबाय वाढवले होते. मला सलग सहा दिवस लागले. आणि त्यातल्या चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सावीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

तिच्या वर्गाने भाज्यांची सभा बसवली होती. सावी वांगं होती. आईने तिला जांभळ्या साटिनचा फुगीर झगा शिवला होता आणि डोक्यावर हिरव्या फेल्टचा देठ. तिला दोन वाक्यं होती. ती दोन वाक्यं तिने मला फोनवर रोज म्हणून दाखवली होती, त्यामुळे ती मलाही पाठ झाली होती. मी दिवस बदलून मिळावा म्हणून अर्ज केला होता, पण धुक्यामुळे कुणालाच काही बदलून मिळत नव्हतं.

त्या दिवशी माझा स्टँडबाय सकाळी दहापासून होता. मी आंघोळ केली, केस घट्ट बांधले, शर्टाला इस्त्री केली आणि तो दाराच्या मागे टांगून ठेवला. दुपारी फोन येईल अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर यावा अशी इच्छा होती. विमान नेऊन पोचवलं की माणसाला आपण कुठेतरी होतो असं वाटतं. फोन आला नाही. पाच वाजले. साडेपाचला नितीनने व्हिडिओ पाठवला. त्यात अर्ध्या पडद्यावर पप्पांचं डोकं होतं, कारण ते पुढच्या रांगेत उठून उभे राहिले होते. मागून कुणीतरी "काका, बसा ना" म्हणत होतं आणि त्या डोक्याच्या डाव्या बाजूला एक जांभळा गोळा हलत होता. पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरं टाळ्यांत बुडालं. मी तो व्हिडिओ पलंगावर बसून सात-आठ वेळा पाहिला. शर्ट तसाच दाराच्या मागे होता. त्यावर एक सुरकुती नव्हती.

घरी पोचल्यावर सावीने व्हिडिओ कॉल केला. तिच्या गालावरचा रंग अजून निघाला नव्हता.

"आज तू किती विमानं उडवलीस?" तिने विचारलं.

"एकही नाही गं."

ती रागावली नव्हती. हिशोब लागत नाही तेव्हा ती कपाळाला आठ्या घालते, तशा घातल्या होत्या. "मग तू का नाही आलीस?"

मी तिला आधी गाल धुऊन यायला सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं पत्रक आलं. कॅप्टनच्या जागा निघाल्या होत्या. माझे उड्डाणाचे तास पूर्ण होते, परीक्षा झालेल्या होत्या, यादीत माझं नाव वर होतं. फक्त जागा कोलकात्याला होत्या. पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. पगार जवळजवळ दुप्पट होणार होता आणि खांद्यावर तीनाच्या चार पट्ट्या. पण सहवैमानिकांच्या यादीत वर असलेली मी कॅप्टनांच्या यादीत अगदी तळाला जाणार होते, आणि तळाच्या माणसाला काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेले दिवस. म्हणजे महिन्यातला बहुतेक काळ स्टँडबाय, कोलकात्यात एका खोलीत, नाशिकपासून एक विमान आणि एक घाट इतक्या अंतरावर. मुंबईत जागा कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. दोन वर्षं, कदाचित पाच.

फ्लॅटमध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर तबस्सुम असायची. तीही नाशिकचीच, जुन्या नाशकातली, वडिलांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पत्रक तिलाही आलं होतं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, ऑम्लेट उलटवलं आणि म्हणाली, "मी जातेय."

"विचार तरी कर."

"केला की. आत्ताच." ती हसली. "दीदी, खरं सांगू? मला स्टँडबाय आवडतो. फोन वाजला की मला मजा येते. कुठं जायचंय माहीत नसतं, बॅग उचलायची आणि निघायचं. अम्मी म्हणते तू पहिल्यापासूनच उंडगी. घरी माझी वाट बघणारं कोणी नाही असं नाही, पण माझ्यावाचून कोणाचं अडतही नाही."

तिच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. तिला जे हवं होतं ते तिला माहीत होतं. ऑम्लेट करपायच्या आत ते तिला माहीत होतं. मला तिचा हेवा वाटला. कोलकात्याचा नव्हे, त्या माहीत असण्याचा.

सहा दिवस संपवून मी नाशिकला आले. नितीन बागेतच होता. तो हंगामात पहाटे साडेपाचला घर सोडतो. माल निर्यातीला जायचा असेल तर मण्याचा आकार, गोडी, वरचा पांढुरका थर, सगळं बघतात. व्यापाऱ्याचा माणूस येतो म्हणून चार दिवस येत नाही. आणि आभाळात जरा कुठे काळं दिसलं की गारपिटीच्या धास्तीने अख्ख्या पंचक्रोशीतली माणसं मान वर करून उभी राहतात. सावी शाळेतून आई-पप्पांकडे जायची, तिथेच जेवायची, आणि कधी कधी तिथेच झोपायची.

शेडच्या पायरीवर बसून मी नितीनला पत्रक वाचून दाखवलं. त्याने ते पूर्ण ऐकलं. मग हात पुसत म्हणाला, "तू हो म्हणालीस तर मी आडवा येणार नाही. तू कॅप्टन व्हावंस असं मला वाटतं, ते तुला माहितीये."

"पण?"

"पण या महिन्यात, पुढच्या महिन्यात, बाग आणि सावी दोन्ही मला एकट्याला नाही जमणार. जमेल असं म्हणून मी चांगला नवरा होऊ शकतो आत्ता. मग मार्चमध्ये तुझ्यावर चिडचिड करीन. त्यापेक्षा आत्ताच सांगतो."

मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं. आमच्या ओळखीत असे नवरे आहेत जे सगळ्याला हो म्हणतात आणि मग वर्षभर घरात दारं आपटत राहतात. नितीनने दार आपटलं नाही, उघडून दाखवलं.

त्या रविवारी मी पप्पांकडे गेले. आई विहारात गेली होती. पप्पा अंगणात खुर्ची टाकून उन्हाला पाठ देऊन बसले होते, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांची परात. मीही शेंगा सोलायला घेतल्या.

पप्पांनी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. माझं बालपण त्या कारखान्याच्या बसच्या वेळेवर चालायचं. पहिली पाळी असली की पहाटे डब्याचा आवाज, दुसरी असली की दुपारी घर शांत. विमान चाचणीला वर गेलं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि पप्पा जेवताना घास हातात धरून नुसते ऐकायचे. आवाज विरला की घास तोंडात. त्यांनी रिव्हेट मारलेलं विमान वर गेलेलं असायचं.

आणि आमच्या घरात एक गोष्ट होती, जी आई पाहुण्यांना नेहमी सांगायची. मी दहावीत असताना पप्पांना फोरमनची बढती आली होती, पण दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात. पप्पांनी ती सोडली, मुलीच्या शाळेसाठी. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की तिचं ओझं मला वेगळं जाणवतही नसे. फ्लाइंग स्कूलमध्ये पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं तेव्हा, पहिली नोकरी लागली तेव्हा, नापास होता होता वाचले तेव्हा, दर वेळी मला ती बढती आठवली होती. आपण कुणाच्या तरी सोडलेल्या गोष्टीवर उभ्या आहोत, तेव्हा नीट उभं राहायला हवं, असं काहीसं.

मी पप्पांना कोलकात्याचं सांगितलं. आणि म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी बढती सोडली होती. मीही सावीसाठी सोडावी, असं वाटतंय."

पप्पांनी शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "तुझ्यासाठी? कोण म्हणालं?"

"आई म्हणते. सगळ्यांना सांगते."

"तिला मीच तसं सांगितलं होतं." ते थोडे ओशाळले, पण हसत होते. "मला जायचंच नव्हतं, प्रज्ञा. फोरमन म्हणजे माणसांच्या मागं फिरायचं, हजेऱ्या बघायच्या. मला हातानं काम करायला लय आवडायचं. आणि साडेचारला बस सोडायची. घरी आलो की आंघोळ, चहा, मग मैदानावर व्हॉलीबॉल. आमची टीम होती. मी नेटजवळ खेळायचो. ते सोडून कुठं जाऊ?"

"मग माझं नाव?"

"साहेबांना काय सांगणार, व्हॉलीबॉलसाठी बढती नको? मुलीची दहावी म्हटलं की कोणी पुढं विचारत नाय. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. ती खुश झाली. मग राहूनच गेलं खरं सांगायचं."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले. वीस वर्षं मी ज्या गोष्टीचे आभार मानत होते ती व्हॉलीबॉलची टीम होती. मला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणीही.

पप्पा गंभीर झाले. "चूक झाली माझी. तू त्याचं मनाला लावून घेतलं असशील, हे माझ्या ध्यानातच नाय आलं." मग परात खाली ठेवून म्हणाले, "तुला जायचं असलं तर जा. आम्ही हाय ना सावीकडं बघायला. नसलं जायचं तर नको जाऊ. पण त्या कागदावर पोरीचं नाव घालू नको. उद्या ती मोठी झाली की तिला वाटंल, आईचं माझ्यामुळं अडलं."

ते दिवस मला आठवतात ते असे, उन्हाचे. सकाळी दवाने ओली झालेली बाग, दुपारी पाठ भाजणारं ऊन, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. मी त्या सुट्टीत रोज संध्याकाळी एकटी चालायला जायची आणि स्वतःला साधा प्रश्न विचारायची. सावी नसती, बाग नसती, तर मी कोलकात्याला गेले असते का? उत्तर दर दिवशी वेगळं यायचं. कॅप्टन व्हायचं होतं, त्यात शंका नव्हती.  पण दोन-पाच वर्षं एका अनोळखी खोलीत इस्त्री केलेला शर्ट दाराच्या मागे टांगून बसायचं नव्हतं. मला ओट्याशी उभं राहायचं होतं. सावीच्या वेण्या घालायच्या होत्या, त्या वाकड्या होतात तरी. मला स्वतःला घरी असायला आवडतं, हे कबूल करायला मला चार दिवस लागले. बाई असून, आई असून, वैमानिक असून ते म्हणणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटायचं. शिवाय थोडी भीतीही होती, तेही लिहून टाकते. कॅप्टनच्या जागी बसल्यावर शेजारी विचारायला आपल्याहून अनुभवी कुणी नसतं.

तेराव्या दिवशी मी फॉर्म उघडला. "नाही" वर खूण केली. खाली कारणाचा रकाना होता. बऱ्याच जणी तिथे कौटुंबिक जबाबदारी लिहितात, आणि ते खोटं नसतं. मी लिहिलं, "या वेळी मला जायचं नाही." एवढंच. त्याच दिवशी मी दुसरा एक अर्ज केला. कंपनीत एक वेगळी पद्धत होती. पगार कमी, पण महिन्यातले कामाचे दिवस आधीच ठरलेले आणि स्टँडबाय फार तर एखादा. नितीन आणि मी दोघांनी मिळून तो भरला आणि तो मंजूर झाला. गंगापूर रोडला घ्यायचा ठरवलेला मोठा फ्लॅट त्यामुळे आमच्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा झाला. आमचं आहे ते घर दोन खोल्यांचं आहे, आणि त्याच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात.

हे सगळं सोपं गेलं असं नाही. वर्षभराने एका सकाळी मी हैदराबादच्या विमानात बसले तेव्हा कॅप्टन म्हणून जो आला तो माझ्यानंतर तीन वर्षांनी नोकरीला लागलेला होता. त्याला पहिल्या महिन्यात वादळी ढगांतून वाट कशी काढायची ते मी दाखवलं होतं. तो मला अजूनही मॅडम म्हणायचा, आणि त्या दिवशी दर वाक्यात दोनदा म्हणत होता. त्याचा तो अवघडलेपणा बघून माझा मत्सर थोडा कमी झाला. सगळा नाही. उतरल्यावर मी हॉटेलच्या खोलीत जाऊन तासभर पडून राहिले. आपण चुकलो का, हा प्रश्न तेव्हा आला होता आणि नंतरही येत राहिला, महिन्यातून एकदा तरी. मी त्याला येऊ दिलं.

तबस्सुमचे फोटो यायचे, चार पट्ट्यांचे. एकदा ती फोनवर म्हणाली, "दीदी, अकरा दिवस झाले, कोणाशी मराठीत बोलले नाही. काहीही बोल." मी तिला सावीच्या वर्गातली भांडणं सांगितली, सविस्तर. ती अर्धा तास ऐकत होती. तिलाही तिच्या निवडीची किंमत पडत होती, आणि तरी ती तिचीच होती. परत ये असं मी तिला म्हणाले नाही, तिनेही मला तू यायला हवं होतंस असं कधी म्हटलं नाही.

त्या दोन-तीन वर्षांत मी काय मिळवलं ते सांगायला गेले तर फार किरकोळ वाटेल. सावीला सायकल शिकवली. एका मार्चमध्ये खरोखर गारा पडल्या तेव्हा मी घरी होते. नितीनबरोबर शेडमध्ये उभी राहून पत्र्यावरचा तो आवाज ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी फुटलेले घड काढताना आम्ही दोघं बरोबर होतो. अर्धी बाग वाचली होती. संध्याकाळी पप्पा सावीला घेऊन आले आणि चौघांनी शेडमध्येच पिठलं-भाकरी खाल्ली. अशा दिवसांची नोंद उड्डाणांच्या वहीत होत नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नवं पत्रक आलं. कॅप्टनच्या जागा, मुंबईला.

या वेळी मी चालायला गेले नाही. ओट्याशी उभी होते, हात पिठाचे होते, नितीनला म्हणाले, "हो लिही. हात धुऊन येते, मग मीच पाठवते." त्याने विचारलं, "स्टँडबाय पुन्हा लागणार ना?" लागणारच. मी पुन्हा यादीच्या तळाला असणार. पण आता त्याचा चुलतभाऊ बागेत भागीदार आहे, सावी नऊ वर्षांची आहे, आणि मुख्य म्हणजे मला जायचं आहे. तीन वर्षांपूर्वीचं "नाही" खरं होतं म्हणूनच बहुतेक हे "हो" इतकं हलकं निघालं.

सावीला आम्ही जेवताना सांगितलं. तिने नीट चौकशी केली. "म्हणजे कधी कधी तू मुंबईत असशील, पण उडत नसशील?"

"हो. असे बरेच दिवस असतील."

"मग त्या दिवशी फोनवर माझं गणित घे. बाबांना अपूर्णांक येत नाहीत."

नितीनने मान खाली घालून वरण कालवलं.

सध्या माझं प्रशिक्षण चालू आहे. दोन आठवडे सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली विमान, मग चार दिवस घरी, मग पुन्हा. लोकांना वाटतं कॅप्टन होणं म्हणजे जबाबदारी, निर्णय, अधिकार. ते सगळं आहेच. पण पहिल्या दिवशी अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कॅप्टन डावीकडे बसतो. मी अकरा वर्षं उजवीकडे बसून उजव्या हाताने विमान उडवलं आणि डाव्या हाताने इंजिनांची ताकद कमी-जास्त केली. आता सगळं उलट. डाव्या हातात विमान आलं आणि ते सरळ उडेना. डोक्याला सगळं येत होतं, हाताला काहीच येत नव्हतं. समोर धावपट्टी दिसत असताना मी पहिलीतल्या मुलीसारखी वाकडीतिकडी रेघ ओढत होते. शिकवणारे वयस्क कॅप्टन शांतपणे म्हणाले, "घरी गेल्यावर सगळं डाव्या हाताने करा. दात घासा, कुलूप उघडा, काहीही. हाताला सवय होऊ द्या."

म्हणून आज सकाळी मी बागेत कात्री डाव्या हातात धरली. खुडणीला पेठ तालुक्याकडच्या बायका आल्या आहेत. त्यांच्यातल्या हौसाबाई सगळ्यात जुन्या, त्या दर हंगामाला येतात. घड देठाशी धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, एका टिचकीत कापायचा, असं त्यांचं काम बघत राहावं. माझा पहिला घड कात्रीतून निसटून खाली पडला. दुसऱ्याचा देठ चेंगरला.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "बाई, उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही. डाव्याला शिकवतेय."

"का बरं?"

"आता विमान याच हाताने चालवायचंय."

त्या मग माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझं मनगट धरून जरा खाली केलं आणि कोपर अंगाशी लावला. "हात लांब नका धरू. जवळ ठेवा. आन् घाई नाय करायची, घड कुठं पळून जात नाय."

पानांवरचं दव मनगटावरून बाहीत उतरत होतं. सावी दोन ओळी पलीकडे क्रेटमध्ये कागद अंथरत होती. मी कोपर जवळ घेतला, देठ पकडला आणि कापला. घड अख्खा हातात आला, एकही मणी न पुसता. हौसाबाई केव्हाच आपल्या ओळीला लागल्या होत्या. मी तो क्रेटमध्ये ठेवला आणि पुढच्या वेलीकडे वळले.